लपवलेली तोफ

धर्माबादच्या मोंढ्यालगत मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. मिरची कांडपाच्या यंत्राचा शाफ्ट, ट्रॉलीचा एक्सल, मोटारीचं बुश असली कामं तिथे दिवसभर चालतात. मोंढ्यात मिरचीचे ढीग लागले की शिंकत शिंकतच लेथ चालवावा लागतो. संध्याकाळी तिथे येऊन बसणारे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. दोघंही वाचलेलं पक्कं ध्यानात ठेवतात आणि हार मानायची सवय दोघांनाही नाही. परवा विषय निघाला जपानच्या युद्धनौकांवरच्या तोफांचा. मिस्त्रींनी मोबाइलवर जपानच्या कुरे शहरातला एक अवाढव्य लेथ पाहिला होता. ‘यामातो’ या युद्धनौकेच्या तोफा घडवायला तो जर्मनीहून आणलेला. युद्धानंतर दुसऱ्या कारखान्यात तो कैक वर्षं राबला आणि आता कुरेच्या संग्रहालयात आहे. मधला चहा आणि गिऱ्हाइकं वगळून त्या बोलण्याचा हा मजकूर.

मिस्त्री : सर, माझा बेड आठ फुटी. सहा फुटाचा शाफ्ट चढवला तरी मधे झोल येऊ नये म्हणून स्टेडी लावावी लागते. ह्या लोकांची नळी एकवीस मीटर. सत्तर फूट झाले की! आणि वजन दीडशे टनाच्या पुढं. एवढा जॉब धरायचा, फिरवायचा आणि आतून बोअर मारायचा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत. एक सूत सरकलं की सगळं भंगारात. ज्यानं हे केलं त्याच्या हाताला मी नमस्कार करायलो.

सर : हाताला माझाही नमस्कार. पण त्या हाताला काम कुणी सांगितलं, हे विचारायला नको? यामातोवर अशा नऊ तोफा होत्या, तीन बुरुजांत तीन-तीन. तोंड ४६ सेंटीमीटरचं, गोळा १४६० किलोचा, पल्ला ४२ किलोमीटर. जगात कुठल्याच युद्धनौकेवर याहून मोठी तोफ चढली नाही. आणि शत्रूच्या जहाजांवर या तोफा किती लढायांत चालल्या? एका.

मिस्त्री : शेवटाला कशाला पोचलात एकदम? सुरुवात बघा की. १९०५ ला त्सुशिमाच्या समुद्रात जपाननं रशियाचं आरमार बुडवलं, तेव्हा त्यांच्या ‘मिकासा’वर काय होतं? बारा इंची तोफा, इंग्लंडच्या. जहाजसुद्धा इंग्लंडच्या बॅरो गावात, व्हिकर्सच्या गोदीत बांधलेलं. तिथून पंधरा वर्षांत हे लोक कुठं गेले? १९२० ला ‘नागातो’ निघाली, ४१ सेंटीमीटरच्या आठ तोफा घेऊन. तेवढी मोठी तोफ तेव्हा सेवेत असलेल्या दुसऱ्या कुठल्याच युद्धनौकेवर नव्हती. आणि ती कुरेच्या गोदीत बनलेली. पंधरा वर्षांत शिष्यानं गुरूला मागं टाकलं सर. आपल्याकडं पंधरा वर्षांत एक उड्डाणपूल होत नाही.

सर : मधला टप्पा गाळलात तुम्ही. ‘कोंगो’.

मधला टप्पा खरोखर सगळ्यात रंजक आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९१० च्या सुमारास जपाननं चार मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं. पहिलं, ‘कोंगो’, व्हिकर्सनं बॅरोला बांधायचं. बाकीची तीन, ‘हिएई’, ‘हारुना’ आणि ‘किरिशिमा’, जपाननं तोच नकाशा समोर ठेवून घरी बांधायची. जपानी तंत्रज्ञ बॅरोला जाऊन राहिले आणि प्रत्येक रिव्हेट पाहून आले. कोंगोवर १४ इंची तोफा होत्या. ब्रिटनच्या स्वतःच्या ताफ्यात तेव्हा तेवढ्या तोंडाची तोफ नव्हती. त्याआधीच, १९०७ मध्ये, होक्काइदो बेटावर मुरोरानला जपान स्टील वर्क्स उभी राहिली होती. त्यात आर्मस्ट्राँग आणि व्हिकर्स या दोन्ही इंग्रज कंपन्यांची भागीदारी होती. तोफ विकत घेताना ती घडवायची विद्याही पदरात पाडून घ्यायची, असा हा व्यवहार होता. कोंगोच्या कंत्राटात दलालीही खाल्ली गेली. ते प्रकरण १९१४ साली बाहेर आलं आणि यामामोतो गोन्नोह्योए यांचं सरकार त्यात पडलं. हे ऐकल्यावर बोफोर्स आठवला नाही असा मराठी माणूस विरळा.

मिस्त्री : खाणारे खाऊन गेले, पण विद्या राहिली का नाही? आता नळी कशी बनवायचे ते ऐका. एकाच लोखंडाच्या गोळ्यातून एवढी नळी कोरली तर दारूच्या बाराच्या दाबानं ती आतून फाटते. आतला थर ताणला जातो आणि बाहेरच्या थराला पत्ताच नसतो. म्हणून आतली नळी वेगळी. तिच्यावर पोलादी तारेचे वेढे, मैलच्या मैल तार. त्याच्यावर पुन्हा दुसरी नळी, तापवून फुगवलेली, घट्ट चढवायची. थंड झाली की ती आवळते. आतल्या नळीला आधीच बाहेरून दाब बसलेला. मग बार उडाला की तो दाब आधी उतरतो, ताण नंतर येतो. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना आमचा बाप हेच करायचा. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायची, चाकावर बसवायची, वरून पाणी मारायचं. चाक असं कुरकुरायचं! लाकडाचे सगळे सांधे एका क्षणात गच्च.

सर : विजापूरच्या उपळी बुरुजावरची तीस फुटी तोफ पाहिलीत का? तीही अशीच. उभ्या लोखंडी पट्ट्या एकमेकींना लावून वरून कडी चढवलेली.

मिस्त्री : बघा! म्हणजे आपल्या लोहारालाही ते ठाऊक होतं.

सर : ठाऊक होतं, पण तिथेच थांबलं. तेच माझं म्हणणं आहे. मोठी तोफ हा दख्खनचाही जुना नाद. आपल्या मराठवाड्यातच बघा ना. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ अजून पडून आहेत. आणि सगळ्यांची थोरली बहीण मुलुखमैदान. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहासाठी महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकऱ्यानं नगरला ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती ओढत विजापूरला नेली. शेकडो बैल आणि वर हत्ती लावले होते म्हणतात. तोंड किती? साधारण ७० सेंटीमीटर. यामातोच्या तोफेपेक्षा मोठं!

मिस्त्री : तोंडावर नका जाऊ सर. लांबी सांगा.

सर : साडेचौदा फूट.

मिस्त्री : मग झालं. तोंडाच्या सातपट सुद्धा लांबी नाही. यामातोची नळी तोंडाच्या पंचेचाळीसपट. बाराचा जोर गोळ्याच्या पाठीमागं लांबपर्यंत राहिला पाहिजे, तर वेग मिळतो. तुमची मुलुखमैदान म्हणजे नुसतं तोंड. दगडाचा गोळा थोडा लांब जाऊन पडायचा, आवाज मात्र पंचक्रोशीत.

सर : आवाज हेच तिचं काम होतं मिस्त्री! तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडलेला दाखवलाय. अंगावर लेख आहेत. विजापूर पडल्यावर औरंगजेबानंही आपला लेख त्यात कोरून घेतला. समोरच्यानं ती बघावी, दचकावं आणि तह करावा, यासाठी ती ओतली. न उडताही ती काम करत होती. आता जपानकडे या. त्यांनी तोफेचं काय केलं? लपवली!

इथून वादाला खरी धार चढली.

सर : १९२२ च्या वॉशिंग्टन तहानं सोळा इंचाची मर्यादा घातली. इंग्लंड-अमेरिकेला पाच-पाच जहाजं तर जपानला तीन, हे प्रमाण ठरलं. जपानला ते झोंबलं. १९३४ च्या अखेरीस त्यांनी तह सोडत असल्याची नोटीस दिली आणि यामातोचा आराखडा हाती घेतला. ४ नोव्हेंबर १९३७ ला कुरेला पाया घातला. तोफ १८ इंचांची, पण कागदावर नाव ‘४० सेंटीमीटर, नमुना ९४’. आपल्याच दप्तरात खोटा आकडा! दुसरी बहीण ‘मुसाशी’ नागासाकीला मित्सुबिशीच्या गोदीत. ती कुणाला दिसू नये म्हणून गोदीभोवती काथ्यासारख्या दोरांचे पडदे टांगले. इतके, की कोळ्यांना जाळ्यासाठी दोर मिळेना. तोफांचे बुरुज कुरेहून नागासाकीला न्यायला ‘काशिनो’ नावाचं खास जहाज बांधलं. फिरणारा एकेक बुरुज अडीच हजार टनांचा. एक विनाशिका नौका तेवढी भरते. एवढं करून अमेरिकेला युद्ध बहुतेक सरेपर्यंत त्या सोळा इंचीच वाटत राहिल्या. ज्या शस्त्राचा धाक हाच अर्धा उपयोग, त्याचा धाक स्वतःच मारून टाकला. ही कसली युद्धनीती?

मिस्त्री : आता माझं ऐका. ते उगं लपवत नव्हते. अमेरिकेचं जहाज पनामाच्या कालव्यातून गेलं पाहिजे ना? तिथले पाण्याचे लॉक ११० फूट रुंद. अठरा इंची तोफांच्या नऊ नळ्या घेणारं जहाज त्या लॉकमध्ये मावत नाही. म्हणजे अमेरिकेनं तसलं जहाज बांधायचं तर दोन समुद्रांत दोन वेगळी आरमारं ठेवायची. जपानचा हिशेब असा, की त्यांना कळेपर्यंत आपण पुढं असू, आणि कळल्यावर त्यांना नवीन नकाशा काढून जहाज पाण्यात सोडायला चार-पाच वर्षं लागतील. अमेरिकेचे कारखाने किती, जपानचे किती? संख्येत जमत नव्हतं, म्हणून एकेक जहाज भारी करायचं. आणि भारीपणा आधी सांगितला असता तर भारीपणा राहिला असता का? मी एखादं नवीन जिग केलं तर शेजारच्या वर्कशॉपवाल्याला दाखवत नाही.

सर : तुमचं जिग तुम्ही वापरता. त्यांनी वापरलं कुठं?

हा मिस्त्रींचा मुद्दा मला सरांच्या मुद्द्याइतकाच जड वाटला. पनामाचा हिशेब जपानी आरमारानं खरंच मांडला होता आणि कागदावर तो चुकीचा नव्हता. फक्त तो समोरून युद्धनौकाच येणार असं धरून मांडलेला होता.

मिस्त्री : मोठी तोफ चाललीच नाही असं नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात, १३ तारखेच्या रात्री, कोंगो आणि हारुना ग्वाडलकनालला गेल्या आणि अमेरिकेच्या विमानतळावर १४ इंची गोळ्यांचा पाऊस पाडला. पन्नासेक विमानं आणि बहुतेक पेट्रोल एका रात्रीत संपलं. तीस वर्षांची जुनी जहाजं होती ती, सर!

सर : आणि महिन्याभरानं त्याच पाण्यात, त्यांचीच बहीण ‘किरिशिमा’ अमेरिकेच्या ‘वॉशिंग्टन’नं रात्रीच्या अंधारात रडारवर नेम धरून बुडवली. तोफ मोठी असून काय? आधी दिसलं कुणाला, हा प्रश्न. बरं, तुमच्या ४२ किलोमीटरचं सांगा. गोळ्याला तिथे पोचायला किती वेळ?

मिस्त्री : दीड मिनिट तरी लागत असणार.

सर : दीड मिनिटात तीस नॉटनं पळणारं जहाज जवळजवळ १४०० मीटर पुढे गेलेलं असतं, आणि वळलंही असतं. म्हणजे तोफ डागताना जहाज असतं तिथे नाही, दीड मिनिटानंतर ते कुठे असेल तिथे गोळा टाकायचा. पंधरा मीटर लांबीचे दुर्बिणीसारखे अंतरमापक यामातोवर बसवले होते. सुंदर काम. पण रडार कच्चं. आणि एक सांगू? १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या समुद्रात जपानी विमानांनी ब्रिटनची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन मोठी जहाजं भर दिवसा बुडवली. चालत्या युद्धनौकेला विमान बुडवू शकतं हे जगाला दाखवलं कुणी? जपाननंच. आणि यामातो नौदलात दाखल झाली १६ डिसेंबरला. सहा दिवसांनी.

मिस्त्री काही क्षण गप्प होते. मग त्यांनी काढलेला मुद्दा सरांनाही नवा होता.

मिस्त्री : सर, पर्ल हार्बरला ‘अॅरिझोना’ कशानं उडाली माहीत आहे? विमानातून टाकलेल्या बॉम्बनं. पण तो बॉम्ब कसला? नागातोच्या ४१ सेंटीमीटरच्या तोफेचा गोळा. चिलखत फोडणारा गोळा घ्यायचा, लेथवर बाहेरून कमी करायचा, मागं शेपटीचे पंख लावायचे. आठशे किलोचा बॉम्ब तयार. वरून पडला, डेक फोडून आत गेला आणि दारूच्या कोठारात फुटला. अकराशे सत्याहत्तर माणसं एका जहाजावर गेली. म्हणजे तोफेच्या गोळ्याचं काम तोफेशिवाय झालं.

सर : मिस्त्री, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा तुम्ही मांडलात.

मिस्त्री : असू दे की. खरं ते खरं. पण त्या गोळ्याचं पोलाद, त्याला दिलेलं पाणी, त्याचं टोक, हे तोफवाल्यांनीच केलेलं ना? विमानवाल्यांनी फक्त पंख लावले.

पोलादाला ‘पाणी देणं’ जमलं नाही तर असा गोळा चिलखतावर आदळून मडक्यासारखा फुटतो, हे मिस्त्रींनी मला नंतर छिन्नीचं टोक तापवून, तेलात बुडवून दाखवलं. टोकावरचा रंग आधी गवती पिवळा, मग जांभळट होत गेला. पुरता जांभळा होण्याच्या किंचित आधी त्यांनी छिन्नी पुन्हा तेलात टाकली. हे समजावून सांगताना त्यांची नजर त्या टोकावरून हलली नव्हती.

सर : आता लेतेच्या लढाईकडे येऊ. २४ ऑक्टोबर १९४४ ला सिबुयान समुद्रात मुसाशीला विमानांनी गाठलं. टॉर्पेडो आणि बॉम्ब मिळून तीसहून अधिक बसले, तेव्हा कुठे ती बुडाली. दुसऱ्या दिवशी समार बेटापाशी यामातोला शेवटी शत्रूची जहाजं दिसली. तीसेक किलोमीटरवरून तिनं तोफा सुरू केल्या. समोर काय? छोट्या विमानवाहू नौका आणि काही विनाशिका. जाड चिलखतासाठी बनवलेले जपानी गोळे त्यांच्या पातळ पत्र्यातून आरपार निघून गेले, कितीतरी फुटलेच नाहीत. थोड्याच वेळात टॉर्पेडो चुकवायला यामातोला तोंड फिरवून उलट दिशेनं जावं लागलं. जगातली सगळ्यात मोठी तोफ, आणि तिच्या वाट्याला आलेली ही एकमेव सागरी लढाई.

मिस्त्री : त्याला तोफ काय करणार? गोळा दुसऱ्या जातीचा हवा होता.

सर : बरं, आपल्याकडचं उदाहरण देतो. ११ नोव्हेंबर १९४२. रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ नावाची छोटी सुरुंगशोधक नौका. सातशे टनांच्या आसपास. तिच्याबरोबर ‘ओंदिना’ ही डच तेलवाहू. हिंदी महासागरात दोन जपानी जहाजं समोर आली, दहा-दहा हजार टनांची, १४ सेंटीमीटरच्या तोफा असलेली. बेंगालकडं एक बारा पौंडी तोफ, तोंड तीन इंच, गोळे मोजके. कप्तानानं जहाज सरळ त्यांच्या अंगावर घातलं. त्या दोघींच्या माऱ्यात एक जपानी जहाज स्फोट होऊन बुडालं, दुसरं निघून गेलं. बेंगाल तरंगत परत आली.

मिस्त्री : कुणाचा गोळा लागला?

सर : त्यावर अजून वाद आहे. बेंगालचा की ओंदिनाचा.

मिस्त्री : मग तुमच्या तीन इंचाला श्रेय कसं देता? नशीबही असतं सर. पण मी दुसरं सांगायलो. ते अंतरमापक कुणी बनवले? निप्पोन कोगाकूनं. आज तिला निकॉन म्हणतात. तुमच्या नातवाच्या लग्नात फोटोवाल्याच्या गळ्यात होता तोच कॅमेरा. मुरोरानची जपान स्टील वर्क्स आज अणुभट्टीचे भलेमोठे घडीव भाग बनवते, जगभर देते. तोफ बुडाली, हात बुडाला नाही. आपल्या निजामाकडं काय झालं? हैदराबादला रेमंड साहेबानं तोफा ओतायचा कारखाना काढला. ‘तोप का सांचा’. आज त्या भागाला नाव आहे, गनफाउंड्री. ओतणारे हात कुठं गेले? परांड्याची तोफ ओतणाऱ्याचा नातू काय करत होता, कुणी लिहून ठेवलं का?

सर : नाही ठेवलं. हे मात्र मान्य.

मिस्त्री : मग मोठी तोफ वेडेपणा कशी? मोठी तोफ बनवून पुन्हा काहीच न बनवणं, हा वेडेपणा.

सर : ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाच्या वाटेवर यामातो बुडाली. तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. ती सगळी निकॉनच्या कॅमेऱ्यासाठी गेली, असं त्यांच्या आयांना सांगाल?

यावर मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. लेथ चालू केला.

मला विचाराल तर निकालाच्या बाबतीत मी सरांकडे आहे, पण ‘लपवली म्हणून वाया गेली’ हे त्यांचं कारण मला पटत नाही. मुलुखमैदानचा धाक तटाखाली उभ्या असलेल्या सैन्यावर चालत होता. अमेरिका घाबरली नसती, तिनं कारखाने वाढवले असते. तिथे मिस्त्रींचा हिशेब बरोबर. चूक वेगळ्या जागी आहे, आणि ती मिस्त्रींनीच नकळत दाखवली. ज्या आरमारानं ४१ सेंटीमीटरचा गोळा लेथवर उतरवून त्याचा बॉम्ब केला, त्याला पुढची लढाई कशी होणार हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. विमानदळाची बाजू घेणारे ॲडमिरल यामामोतो इसोरोकू यांनी या महाकाय जहाजांना विरोध केला होता, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत तेच यामातोवर आपलं निशाण लावून बसले. उत्तर घरात होतं. एका खात्याकडे विमानं, दुसऱ्याकडे तोफा, आणि दोन्ही खात्यांची कामं अडवील असा एकही माणूस वर नव्हता. मोठ्या तोफेचा हा दोष पोलादातला नाही. सुरू केलेला प्रकल्प मधे थांबवायची सोय नसणं, हा तो दोष. आणि तो दोष काही फक्त जपानचा नाही.

पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं भारतीय उद्योगांना बरोबर घेऊन घडवलेल्या १५५ मिलिमीटरच्या तोफेनं २०१७ च्या चाचण्यांत ४७-४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. यामातोच्या तोफेहून जास्त, आणि तोंड तिच्या एक तृतीयांश. हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, “गोळा किती किलोचा?” पंचेचाळीसच्या आसपास, असं सर म्हणाले. “मग दीड टनाशी कशाला तुलना करायलात?” हा प्रश्नही रास्त होता.

तिसरी बहीण ‘शिनानो’ या मोठ्या तोफांविनाच पुरी झाली. तिची विमानवाहू नौका केली आणि दाखल झाल्यावर दहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबर १९४४ ला, एका अमेरिकी पाणबुडीनं ती बुडवली. तिच्या बुरुजासाठी घडवलेला ६६ सेंटीमीटर जाडीचा चिलखती पत्रा युद्धानंतर अमेरिकेनं नेला आणि सोळा इंची तोफेसमोर उभा केला. तो आरपार फुटला. आज तो वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात भोकासकट ठेवलेला आहे. चाचणीत पत्रा अगदी जवळून, समोरासमोर फोडला, समुद्रात असं होत नाही, हे मिस्त्रींचं म्हणणं मान्य करायला हवं. समुद्रात यामातो आणि मुसाशी यांची एकाही जाड चिलखताच्या अमेरिकी युद्धनौकेशी तोफांनी गाठ पडली नाही.